मॅसॅच्युसेट्सशी जडलेले मराठी ऋणानुबंध

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील प्रत्येक राज्याला आपापल्या थोर माणसांचा मोठा अभिमान असतो. अमुक एक ग्रंथकार आमच्या गावचा, तमुक अध्यक्षाचे जन्मघर आमच्या पेठेत, असे तेथील लोक पाहुण्याला आवर्जून सांगतात. अटलांटिक महासागराच्या काठी वसलेल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अशा नावांची तर वानवाच नाही. कॉन्कर्ड गावी एमर्सनचे घर आहे. त्याच गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी थोरो झोपडी बांधून राहिला. ॲमहर्स्ट येथे एमिली डिकिन्सन हिने आपले एकांतवासी आयुष्य काढले. जॉन ॲडम्सपासून जॉन केनेडीपर्यंत अनेक अध्यक्ष या भूमीने दिले. क्षेत्रफळाने हे राज्य फार मोठे नाही. गोव्याच्या सुमारे सातपट एवढाच त्याचा विस्तार. पण १६२० साली प्लिमथ येथे आलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांपासून आणि १६३६ साली स्थापन झालेल्या हार्वर्ड विद्यालयापासून अमेरिकेच्या विचारजीवनाची कितीतरी सूत्रे याच भूमीत गुंतलेली आहेत.

या राज्याच्या थोर माणसांच्या यादीत सहसा न येणारी, पण त्याच्याशी अगदी घरगुती धाग्यांनी बांधली गेलेली काही नावे मराठी मुलखातील आहेत. पंडिता रमाबाई, धर्मानंद कोसंबी आणि त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी ही त्यांतील प्रमुख होत. ही माणसे तेथे प्रवासी म्हणून गेली नाहीत. त्यांनी तेथे काम केले, स्नेही जोडले, साहाय्य घेतले आणि त्याहून अधिक दिले. आणि प्रत्येकाच्या बाबतीत एक अवघड प्रश्न पुढे उभा राहिला. परक्याचा हात धरावयाचा, पण आपले म्हणून जे काही आहे ते कोठपर्यंत राखावयाचे? रमाबाईंपुढे तो श्रद्धेच्या रूपाने आला, धर्मानंदांपुढे नावाच्या रूपाने आणि दामोदरांपुढे मताच्या रूपाने. ही सारी हकीकत त्या प्रश्नाचीच हकीकत आहे.

तिचा आरंभ मात्र या तिघांच्याही पूर्वी होतो. १८०६ साली विल्यम्सटाऊन येथील विद्यालयाच्या काही विद्यार्थ्यांनी गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून परदेशी धर्मप्रसार करण्याचा संकल्प केला, आणि त्यातूनच १८१० साली अमेरिकन बोर्ड नावाची संस्था उभी राहिली. तिचे मुख्य कार्यालय बोस्टन येथे होते. या संस्थेने पाठविलेला गॉर्डन हॉल हा मॅसॅच्युसेट्सचाच पुत्र. सॅम्युएल नॉट या सहकाऱ्यासह तो फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि तेरा वर्षांनी, १८२६ साली, नाशिककडील प्रवासात पटकीने मरण पावला. मुंबईतील अमेरिकन मराठी मिशन ते हेच. या मिशनने छापखाना काढला, मराठी अक्षरांचे खिळे पाडले, आणि १८४२ साली अहमदनगरहून 'ज्ञानोदय' हे पत्र सुरू केले. धर्मप्रसार हा त्याचा हेतू होता, यात संशय नाही. परंतु छापखाना एकदा सुरू झाला म्हणजे त्यातील विद्या कोणा एका धर्माची राहत नाही. गणपत कृष्णाजी याच छापखान्यात काम करून शहाणे झाले आणि त्यांनी स्वतःच्या छापखान्यात मराठी पंचांग छापले. जावजी दादाजीही येथेच पोरवयात कामाला लागले आणि पुढे १८६९ साली त्यांनी 'निर्णयसागर' काढला. बोस्टनच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या मुद्रणालयाचे ऋण अशा रीतीने मराठी पंचांगाला आणि संस्कृत काव्यशास्त्रग्रंथांनाही लागू झाले.

त्याच काळात आणखी एक विलक्षण व्यापार चालू होता. मॅसॅच्युसेट्समधील तळी हिवाळ्यात गोठत, तो बर्फ कापून भुशात बांधून जहाजावर चढवीत, आणि १८३३ साली बोस्टनहून निघालेला असा बर्फ कलकत्त्याला पोहोचला. पुढे मुंबईतही तो येऊ लागला. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्यावर बर्फ कापणाऱ्या मजुरांच्या टोळ्या आल्या. थोरोने त्यांचे वर्णन आपल्या 'वॉल्डन' या ग्रंथात केले आहे, आणि आपल्या तळ्याचे पाणी दूर मुंबईच्या रहिवाशांच्या ओठी लागणार, या कल्पनेने त्याला मौज वाटली आहे. असो. बर्फ विरघळून गेला. छापखान्याच्या अक्षरांनी आणि माणसांनी जोडलेला संबंध मात्र टिकला.

त्या संबंधाला पहिले ठळक मराठी नाव मिळाले ते पंडिता रमाबाईंचे. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबात संस्कृत विद्येचे बाळकडू घेतले, दुष्काळात आईबाप गमावले, आणि तरुण वयातच वैधव्यही पाहिले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फिया येथे डॉ. आनंदीबाई जोशी यांना वैद्यकाची पदवी मिळाली, त्या समारंभास उपस्थित राहण्यासाठी त्या अमेरिकेत आल्या. थोड्या दिवसांसाठी आलेल्या रमाबाई तेथे दोन वर्षांहून अधिक राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ साली फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाला. परंतु त्यांच्या मनातील विधवागृहाला आधार मिळाला तो बोस्टन शहरात.

१३ डिसेंबर १८८७ रोजी बोस्टन येथे 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे बोस्टनचे नामांकित धर्मोपदेशक आणि कथाकार होते. या मंडळींत एकाच पंथाचे लोक नव्हते. परस्परांशी वाद घालणाऱ्या निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे पुढारी येथे एका मराठी विधवेच्या शब्दाखातर एका मेजाभोवती बसले, ही गोष्ट त्या शहराच्या इतिहासातही नवलाची म्हणावी लागेल. दहा वर्षे दरसाल वर्गणी देण्याचे वचन सभासदांनी दिले. त्याबरोबर एक अटही ठरली. ज्या शाळेसाठी हा पैसा जावयाचा, तेथे धर्माचे शिक्षण दिले जाणार नाही. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक राहील. ही अट केवळ बोस्टनकरांनी घातली असे नव्हे. रमाबाईंनाही ठाऊक होते की, तसे न केल्यास एकही हिंदू पालक आपली विधवा मुलगी त्यांच्या हाती देणार नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ 'शारदासदन' उघडले. गोदूबाई ही तेथील अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला, हे सर्वश्रुत आहे. त्याच १८८९ साली रमाबाईंचे अमेरिकेच्या लोकस्थितीवरील आणि प्रवासावरील मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते छापले गेले जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात. बोस्टनने पाठविलेल्या मिशनच्या छापखान्यात खिळे घासणारा मुलगा मोठा झाला, आणि बोस्टनच्या लोकांविषयी एका मराठी स्त्रीने लिहिलेले पुस्तक त्याच्याच छापखान्यातून बाहेर पडले. एक वर्तुळ येथे पुरे झाले.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. १८९० साली सदन पुण्यास गेले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि आपली प्रार्थना त्या दार लावून करीत नसत. काही मुली त्या वेळी येऊन बसू लागल्या. हा धर्मप्रसार की आईपाशी लेकीने बसणे, यावर पुण्यात मोठे वादळ उठले. 'केसरी'ने कठोर टीका केली. सदनाच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक होते. त्यांनी पालकांना आपल्या शब्दाची हमी दिली होती, आणि त्या शब्दाला धक्का लागत आहे असे त्यांना वाटले. ऑगस्ट १८९३ मध्ये त्यांनी संबंध सोडला. रानडे-भांडारकरांचा आक्षेप हलका नव्हता, आणि रमाबाईंची भूमिकाही खोटी नव्हती. कोणाला धर्म सांगणार नाही, हे वचन त्यांनी दिले होते. स्वतःचा धर्म लपवून ठेवीन, असे वचन त्यांनी कधीच दिले नव्हते.

या वेळी बोस्टनच्या मंडळींनी काय केले? त्यांना सहज पैसा थांबविता आला असता किंवा रमाबाईंना मुकाट्याने राहण्याची आज्ञा करता आली असती. त्यांनी तसे केले नाही. मंडळाच्या कार्यकारी समितीच्या प्रमुख जूडिथ अँड्र्यूज या बोस्टनहून सातासमुद्रांपलीकडे पुण्यास आल्या, त्यांनी सदन डोळ्यांनी पाहिले, आणि मंडळाने रमाबाईंवरील विश्वास कायम ठेवला. दहा वर्षांची मुदत संपल्यावर १८९८ साली रमाबाई पुन्हा अमेरिकेत गेल्या. जुने मंडळ विसर्जित होऊन नवे उभे राहिले, आणि केडगावच्या मुक्तिसदनाचे काम रमाबाईंनी आपल्या श्रद्धेप्रमाणे उघडपणे केले. त्याची किंमतही त्यांनी मोजली. पुण्यातील सुधारकांचा आधार तुटला तो तुटलाच. साहाय्य घेऊनही आपली श्रद्धा राखता येते, पण ती फुकट राखता येत नाही, हा त्या प्रकरणाचा धडा होय.

ज्या ऑगस्ट महिन्यात पुण्यात ही फारकत होत होती, त्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्समध्ये दुसरा एक भारतीय आसरा शोधीत होता. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेसाठी आलेले स्वामी विवेकानंद वेळेच्या फार आधी पोहोचले होते. पैसा संपत आला होता, आणि हाती कोणत्याही संस्थेचे शिफारसपत्र नव्हते. बोस्टनकडे राहणे स्वस्त पडते असे ऐकून ते तिकडे वळले. आगगाडीत ओळख झालेल्या केट सॅनबॉर्न या लेखिकेने त्यांना आपल्या शेतावरील घरी ठेवून घेतले. तिच्या ओळखीतून हार्वर्डचे ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांची गाठ पडली. ॲनिस्क्वाम या समुद्रकाठच्या खेड्यात राइट यांच्या सोबत विवेकानंद राहिले, तेथील लहानशा चर्चमध्ये बोलले, आणि राइट यांचे पत्र घेऊन शिकागोस परतले. रमाबाई आणि विवेकानंद यांची हिंदू समाजाविषयीची मते दोन ध्रुवांइतकी दूर होती. तथापि एकाच राज्यातील घरांची दारे दोघांनाही उघडली. राज्याशी जडणारा संबंध हा शेवटी तेथल्या दोन-चार घरांशी जडणारा संबंध असतो, हे यावरून दिसून येते.

असेच एक घर बोस्टनच्या शेजारी, चार्ल्स नदीच्या पलीकडे, केंब्रिज गावात होते. हेन्री क्लार्क वॉरेन हा १८५४ साली बोस्टनमध्ये जन्मलेला धनिकपुत्र. बालपणी गाडीतून पडून त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि जन्मभर शरीर पंगू राहिले. त्याने भारतवर्ष कधी पाहिले नाही. पण संस्कृत आणि पाली या भाषांनी त्याला वेड लावले. प्राध्यापक चार्ल्स रॉकवेल लॅनमन यांच्यासह त्याने १८९१ मध्ये 'हार्वर्ड ओरिएंटल सीरीज' ही ग्रंथमाला सुरू केली आणि आपली संपत्ती तिला वाहिली. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात बुद्धघोषाचार्यांनी रचलेला 'विसुद्धिमग्ग' हा शील, समाधी आणि प्रज्ञा यांचे विवेचन करणारा महाग्रंथ. त्याची शुद्ध आवृत्ती सिद्ध करावी, हा वॉरेनचा ध्यास होता. ब्रह्मी आणि सिंहली हस्तलिखिते ताडून पाहता पाहता १८९९ च्या जानेवारीत तो वारला. काम अपुरे राहिले.

त्याच १८९९ सालाच्या अखेरीस गोव्यातील सांखवाळ गावचा एक तेवीस वर्षांचा तरुण घर सोडून निघाला. त्याचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी. नारळीच्या बागेची देखभाल करता करता मराठी पुस्तके वाचणे एवढाच त्याचा विद्याव्यासंग. १८९७ च्या सुमारास 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र त्याच्या वाचनात आले आणि त्याच्या जीवाला चैन पडेना. हे मासिक चालवीत होते अमेरिकन मराठी मिशन. बोस्टनच्या धर्मोपदेशकांनी पेरले एक आणि गोव्याच्या मातीत उगवले दुसरेच, असा हा योग आहे. तरुण पत्नी बालाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून धर्मानंद पुणे, उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर अशी वाट तुडवीत काशीस पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. पुढे नेपाळ, गया, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी भ्रमंती झाली; सिंहलद्वीपात त्यांनी पाली भाषा आणि भिक्षुदीक्षा घेतली. परत आल्यावर कलकत्त्यास पालीचे अध्यापक झाले. पण ही विद्या मराठी लोकांना मिळावी ही त्यांची तळमळ होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी, महाराष्ट्रात राहून काम करणार असाल तर दरमहा पन्नास रुपये देऊ, असे कळविले, आणि धर्मानंदांनी कलकत्त्याची अधिक पगाराची जागा सोडून ते पन्नास रुपये पत्करले.

हार्वर्डचे डॉ. जेम्स वूड्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला तो याच काळात. वॉरेनचे अपुरे काम पुढे नेण्यास पालीचा जाणता माणूस लॅनमन यांना हवा होता. १९१० साली धर्मानंद केंब्रिजला गेले. विद्यापीठाची कोणतीही पदवी नसलेला गोव्याचा हा गृहस्थ हार्वर्डच्या ग्रंथालयात बसून, सिंहलद्वीपातील आचार्यांच्या मुखातून शिकलेल्या पालीच्या बळावर एका मृत अमेरिकन पंडिताच्या पोथीतील पाठ दुरुस्त करू लागला.

आणि येथेच नावाचा प्रश्न उभा राहिला. ग्रंथ सिद्ध झाल्यावर त्यावर संपादक म्हणून कोणाचे नाव कसे जावे, याविषयी लॅनमन आणि धर्मानंद यांचे पटेना. लॅनमन यांच्या दृष्टीने हे वॉरेनचे स्मारक होते. दिवंगत मित्राच्या ऋणाची ती फेड होती. धर्मानंदांच्या दृष्टीने केलेल्या श्रमाचे श्रेय स्पष्ट शब्दांत नोंदले गेले पाहिजे होते. भिक्षेवर दिवस काढलेल्या या माणसाला पैशाचा मोह नव्हता. पण आपण कोणाचे लेखनिक म्हणून येथे आलो नाही, एवढे त्याला जगासमोर राहावयास हवे होते. काम अर्धवट टाकून १९१२ साली ते मायदेशी परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. सहा वर्षांच्या त्या अध्यापनातून महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासाची परंपरा सुरू झाली. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांच्यासारखे पंडित त्या परंपरेतूनच पुढे आले. हार्वर्डशी झालेल्या बेबनावाचे हे फळ मराठी मुलखाच्या पदरात पडले.

संबंध मात्र तुटला नाही. १९१८ साली धर्मानंद पुन्हा केंब्रिजला गेले, ते माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर घेऊन. बालाबाई धाकट्या मुलींसह इकडेच राहिल्या. थोर माणसांच्या परदेशगमनाची हकीकत सांगताना घरी राहिलेल्या माणसांनी दिलेली किंमत सहसा कोणी मांडीत नाही. येथे ती नोंदविली पाहिजे. माणिक रॅडक्लिफ कॉलेजात शिकून १९२२ साली पदवीधर झाली. त्याच वर्षी, ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच, धर्मानंद परतले. गुजरात विद्यापीठात काही काळ शिकवून १९२६ साली ते तिसऱ्यांदा हार्वर्डला गेले. लॅनमन त्याच वर्षी निवृत्त झाले होते. १९३१ साली चौथी खेप झाली. तत्पूर्वी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावासही भोगला होता. अमेरिकेतील वास्तव्यात समाजवादी विचारांशी त्यांची ओळख झाली, आणि बुद्धाची करुणा आणि श्रमिकांची चळवळ यांचा मेळ घालण्याचा ध्यास त्यांनी पुढे अखेरपर्यंत बाळगला.

ग्रंथ मात्र लांबतच गेला. १९४० साली धर्मानंदांनी मुंबईत 'विसुद्धिमग्ग' देवनागरी लिपीत, आपल्या स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी अन्नत्यागपूर्वक देह ठेवला. हार्वर्डच्या ग्रंथमालेतील आवृत्ती त्यानंतर, १९५० साली, एकेचाळिसावा खंड म्हणून बाहेर पडली. तिच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत : संपादक हेन्री क्लार्क वॉरेन, संशोधक धर्मानंद कोसंबी. पहिला वारून एक्कावन्न वर्षे झाली होती, दुसरा वारून तीन. एकमेकांना कधीही न भेटलेले बोस्टनचा पंगू धनिक आणि सांखवाळचा निर्धन भिक्षू असे एका पानावर एकत्र आले.

वडिलांबरोबर गेलेला दामोदर केंब्रिजमध्येच वाढला. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात कोसबेन येथे जन्मलेला हा मुलगा तेथील लॅटिन शाळेत शिकला, बालवीर पथकात गेला, आणि पुढे जगप्रसिद्ध गणिती झालेल्या नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्याचा स्नेह जुळला. वीनर यांचे वडील हार्वर्डमध्येच प्राध्यापक होते. हार्वर्डमध्ये दामोदरांनी गणिताबरोबर भाषा, इतिहास, विज्ञान असे नाना विषय अभ्यासले. गणितावरच लक्ष केंद्रित करावे, ही प्राध्यापक बर्कहॉफ यांची सूचना त्यांनी मानली नाही. १९२९ साली सर्वोच्च गुणवत्तेची पदवी घेऊन ते स्वदेशी आले. काशी आणि अलीगढ येथे शिकवून पुढे फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले; जेथे पित्याने पाली शिकविली तेथेच पुत्राने गणित शिकविले. १९४५ पासून १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. आनुवंशिकशास्त्रातील त्यांच्या १९४४ च्या सूत्राला आजही त्यांचेच नाव आहे. प्राचीन नाणी तोलून त्यांच्या झिजेचे गणित मांडता मांडता ते इतिहासाकडे वळले, आणि १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

केंब्रिजने घडविलेला हा माणूस केंब्रिजचा मिंधा मात्र झाला नाही. विद्याकर नावाच्या बंगालमधील बौद्ध पंडिताने सुमारे ११०० च्या सुमारास 'सुभाषितरत्नकोश' हा संस्कृत सुभाषितांचा संग्रह केला होता. तिबेटमध्ये सापडलेल्या हस्तलिखिताच्या साहाय्याने दामोदर कोसंबी आणि फर्ग्युसनचे वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी त्याची आवृत्ती सिद्ध केली. ती १९५७ साली हार्वर्डच्या त्याच ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. दामोदरांनी तिच्या प्रस्तावनेत संस्कृत काव्याची मार्क्सवादी चिकित्सा केली. हे काव्य एका सुखवस्तू वर्गाच्या आश्रयाने कसे वाढले आणि कशाने खुंटले, हे परखडपणे मांडले. हार्वर्डचे संस्कृताचे प्राध्यापक डॅनियल इंगॉल्स यांना ते मत मान्य नव्हते. तथापि ग्रंथमालेत ती प्रस्तावना छापली गेली, आणि १९६५ साली त्याच संग्रहाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करताना इंगॉल्स यांनी आपला मतभेद उघडपणे नोंदविला. दोघांची मैत्री अभंग राहिली. पित्याच्या वेळी जो वाद माणसांना दूर करून गेला, तसा वाद पुत्राच्या वेळी दोन ग्रंथांच्या प्रस्तावनांत सभ्यपणे बसू शकला. चाळीस-पन्नास वर्षांत दोन्ही बाजूंनी काही शिकल्याचीच ही खूण होय.

२९ जून १९६६ रोजी दामोदर कोसंबी पुण्यात निवर्तले. २००८ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. रमाबाई त्याआधीच, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे कालवश झाल्या होत्या.

एखाद्या राज्याने आपल्या थोर माणसांची नावे अभिमानाने मिरवावीत, हे योग्यच आहे. पण माणूस कोणत्या राज्याचा, हे केवळ जन्मगाव सांगून ठरत नाही. गोवा, बडोदे आणि पुणे यांचा धर्मानंदांवर जेवढा हक्क आहे, तेवढा नसला तरी काही हक्क केंब्रिजच्या त्या ग्रंथालयाचाही आहे. आणि त्या ग्रंथालयावर त्यांचाही आहे. हा हक्क कोणी दान दिलेला नव्हे. श्रद्धा, नाव आणि मत यांपैकी काहीही गहाण न टाकता केलेल्या कामातून तो मिळालेला आहे. हार्वर्डच्या ग्रंथमालेत एकेचाळिसावा खंड आहे 'विसुद्धिमग्ग', आणि त्याच्या लगतचा बेचाळिसावा आहे 'सुभाषितरत्नकोश'. पिता आणि पुत्र यांची नावे तेथे अशी शेजारी शेजारी उभी आहेत.